संस्थेचा पत्ता

आमच्या वाचनालयाच्या कपाटात, वरच्या फळीवर, एक जाड वही आहे. पाठीला लाल कापड, कोपरे झिजलेले, आणि पुठ्ठ्यावर खजिनदार अण्णांच्या अक्षरात 'पत्ते' एवढंच लिहिलेलं. मार्कंडेय नदीकाठचं आमचं गाव, बेळगावपासून सिटी बसच्या अंतरावर. गावातून पोटासाठी बाहेर पडलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा त्या वहीत आहे. एकेका नावापुढे तीन-तीन, चार-चार पत्ते. लालबागची चाळ, ती खोडून डोंबिवली, तीही खोडून 'थोरल्या लेकाकडे, बदलापूर'. मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेल्या पोरांच्या नावापुढे युनिटचा नंबर आणि '५६ एपीओ', म्हणजे फौजेच्या पोस्टाचा पत्ता. माणूस वारला की अण्णा नावावरून लाल शाईची रेघ ओढायचे आणि शेजारी तिथी घालायचे. तारीख नाही, तिथी.

पेरण्या उरकल्या, शाळा भरल्या, की अण्णा पोस्टकार्डं लिहायला बसायचे. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. माझं काम पत्ते उतरवून द्यायचं. पिन कोड चुकला तर ते कार्ड बाजूला ठेवायचे आणि नवं घ्यायला लावायचे. मजकूर प्रत्येकाला वेगळा. 'आपले ५१ रुपये पावले. त्यातून तिसरीतल्या दोघांना वह्या घेतल्या. आपल्या आईची तब्येत बरी आहे, परवा देवळात भेटल्या होत्या.' संस्थेच्या कामाचं पत्र आणि घरची खुशाली एकाच कार्डात. पैसे मनीऑर्डरनं यायचे आणि फॉर्मच्या खालच्या कुपनावर, दोन बोटं रुंद जागेत, पाठवणारा काहीतरी लिहायचाच. 'यंदा बोनस कमी.' 'मुलगी झाली.' अण्णांनी ती कुपनं सुतळीत ओवून ठेवली होती. ती माळ अजून आहे.

आता त्या खुर्चीत मी बसते. टिळकवाडीत एका कार्यालयात हिशेब लिहायची नोकरी आणि संध्याकाळी वाचनालयाचं कार्यवाहपद. वाचनालय, शिष्यवृत्ती आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या मुलांना वह्या-दप्तरं, एवढाच आमचा पसारा. पण आमच्यासारख्या बारक्या संस्थेचाही आता निम्मा जीव मेलमध्ये आणि ऑनलाइन तक्त्यांमध्ये असतो. त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं, कारण ह्यात आम्ही जे गमावलं आणि जे परत मिळवलं ते आजूबाजूच्या गावांतल्या मंडळांनाही ठाऊक असावं असं मला कळकळीनं वाटतं.

आमचं मेलचं पहिलं खातं गावातल्या एका हुशार पोरानं उघडून दिलं. पोर गुणाचं, कामाला कधी नाही म्हणायचं नाही. खात्याला मोबाइल नंबर लागतो, त्यानं स्वतःचा घातला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ते खातं कायम उघडंच असायचं. हळूहळू सगळे पत्ते तिथं गेले, पावत्या तिथं, फोटो तिथं, आणि अण्णांच्या वहीत नवीन नाव घालायचं आम्ही बंद केलं. पुढं तो पोरगा दुबईला गेला. इथला नंबर रिचार्जविना पडून राहिला आणि कंपनीनं नेहमीच्या नियमानं तो काढून दुसऱ्या कुणाला तरी दिला. हे आमच्या गावीही नव्हतं.

२०१९ चा ऑगस्ट बेळगाव जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकदम फुगल्या. आमच्या वाचनालयात कमरेइतकं पाणी आलं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं लगद्यासारखी झाली. आणि कॉम्प्युटर खाली टेबलाशेजारीच होता.

बाहेरगावच्या लोकांना मदतीसाठी लिहायचं तर तेच दिवस होते. मी माझ्या लॅपटॉपवर खातं उघडायला बसले. पासवर्ड ठाऊक होता. पण नवीन यंत्र पाहून त्यानं नंबरावर कोड पाठवला असं सांगितलं, आणि तो नंबर आता आमचा नव्हता. कित्येक वर्षं जमवलेली माणसं त्या बंद दाराआड होती. दुबईला फोन झाला, पोरगा रडकुंडीला आला, पण त्याच्याही हातात काही नव्हतं.

तेव्हा कामाला आली ती वही. वरच्या फळीवर होती म्हणून वाचली होती. आम्ही चौघीजणी रॉकेलच्या दिव्याजवळ, कारण वीज नव्हती, पोस्टकार्डं लिहीत बसलो. बरीच कार्डं 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आली. तरी जी पोचली त्यांनी नव्या फळ्या उभ्या केल्या.

पाणी ओसरल्यावर त्या नंबरावर फोन लावला. एका बाईंनी उचलला, कानडीत. मी कोण, काय, सगळं सांगितलं, आणि म्हटलं, एक सहा आकडी कोड येईल तेवढा वाचून दाखवा. त्या म्हणाल्या, "ओटीपी यारिगू हेळबारदु री." ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. बँकेत तसं बजावून सांगितलंय. मी पुन्हा समजावलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि फोन ठेवला. तेव्हा चिडले होते. आता वाटतं, आमच्या सगळ्या गोंधळात एकट्या त्या बाईंचंच बरोबर होतं.

दोन दिवसांनी मीच परत फोन केला. म्हटलं, तुमच्या घरी येते, समोर बसते, कागदपत्रं दाखवते. त्या गोकाकच्या निघाल्या. म्हणाल्या, बर्री, म्हणजे या. मी आणि आमच्या अध्यक्षीणबाई एसटीनं गोकाकला गेलो. संस्थेचा नोंदणीचा दाखला, पॅन, माझं आधार, पुरात भिजलेल्या पुस्तकांचे फोटो, सगळं पिशवीत. त्यांच्याही घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, आमच्या वाचनालयाच्या रेघेपेक्षा वर. बाईंनी दाखला उलटसुलट करून बघितला, शेजारच्या मास्तरांना बोलावून वाचून घेतला, आणि मग मोबाइल आमच्या मधोमध टेबलावर ठेवला. कोड आला. मी तो घालायच्या आधी त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. खातं उघडलं. त्याच दुपारी आम्ही नंबर बदलला, आणि त्यांनी भाकरी आणि एणगाई, म्हणजे भरली वांगी, खाऊ घातल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही.

परतीच्या बसमध्ये अध्यक्षीणबाई एवढंच म्हणाल्या, "पत्ता संस्थेचा पाहिजे ग. माणसाचा नको."

त्या एका वाक्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं आहे. आम्ही संस्थेच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, घेतलं. नोंदणीकृत संस्थांसाठी गूगलची एक मोफत योजना आहे. त्यात स्वतःच्या नावाचे मेल पत्ते मिळतात. कागदपत्रं तपासून घ्यायला थोडे दिवस गेले एवढंच. आता मेल 'कार्यवाह' ह्या पत्त्यावर येते, 'खजिनदार' ह्या पत्त्यावर येते. उद्या मी नसले तर खुर्चीवर बसेल त्या बाईला किंवा बुवाला ती चावी मिळेल. फोन हरवला तर वापरायचे दहा कोड छापून मिळतात. ते पाकिटात घालून, तिघांच्या सह्या करून, आम्ही अण्णांच्या वहीत ठेवले आहेत. वरच्या फळीवर.

सीमाभागातल्या माणसाला पत्त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जुनं खातं उघडल्यावर सगळी नावं तक्त्यात ओतली तर आमच्या एका शहराची चार शहरं झालेली दिसली. कुणी 'बेळगाव' लिहिलेलं, कुणी अनुस्वार देऊन 'बेळगांव', कुणी इंग्रजीत जुन्या स्पेलिंगनं, आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतर सरकारी कागद झाले त्यांचं 'बेळगावी'. यंत्राला चारी वेगळी. शहरातल्या देणगीदारांना बैठकीचं निमंत्रण पाठवायचं म्हटलं तर चौथाईच लोकांना जायचं. कुणाच्या पत्त्यात काय नाव असावं ह्यावर मी कुणाशी वाद घातला नाही, ज्यानं जसं लिहिलं तसं ठेवलं. पिन कोडचा वेगळा रकाना केला आणि निवड त्यावरून करायला लागले. ५९०००१ म्हटलं की हेड पोस्टाच्या हद्दीतले सगळे एका रांगेत, खानापूरचे ५९१३०२, निपाणीचे ५९१२३७. पोस्टखात्यानं १९७२ साली सुरू केलेले हे सहा आकडे अण्णा मला पुन्हापुन्हा का तपासायला लावायचे ते तेव्हा उमगलं.

भाषेचंही असंच. रजिस्ट्रारकडचं काम कानडीत, ऑडिट इंग्रजीत, आणि देणगीदारांना पत्र मराठीत. तिन्ही करावं लागतं आणि तिन्ही नीट करावं. सुरुवातीला आमचा मराठी मजकूर छापखान्यातून जुन्या डीटीपी फाँटमध्ये यायचा. तो मेलमध्ये चिकटवला की पुण्यातल्या माणसाला नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. एका वर्षीचा अख्खा वार्षिक अहवाल तसाच गेला. कुणी कळवलंही नाही, बापड्या लोकांनी बंद करून टाकला असेल. युनिकोडमध्ये टाइप केलं तर कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसतं, हे आता पोराटोरांनाही माहीत आहे. पण गावोगावच्या मंडळांत अजून जुन्या फाँटमधली पत्रकं फिरतात. ती एकदा बदलून घ्या.

आता ज्याचा मला फार अभिमान आहे ते सांगते. तक्त्यात नाव, गाव, पिन, मेल, फोन असे रकाने असतात. मी त्यात आणखी एक घातला, 'हाक'. ह्या माणसाला आपण काय म्हणतो? गुरुजी, अण्णा, मावशी, वहिनी, सुभेदारसाहेब, नुसतंच अक्का. एकच मजकूर सगळ्यांना पाठवताना यंत्र प्रत्येक पत्रात ठरल्या जागी त्या-त्या रांगेतला शब्द घालतं. पहिल्या वर्षी सगळ्यांना 'प्रिय सदस्य' असं पत्र गेलं होतं आणि उत्तरं आली होती बोटावर मोजण्याइतकी. पुढच्या जूनमध्ये 'सुभेदारसाहेब, नमस्कार' असं गेलं. हाक भरायला मला दोन महिने लागले. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना बसवून विचारलं. ह्याला काय म्हणायचं ओ? त्याला नानाच म्हणा, त्याच्या बापालाही नानाच म्हणायचे. हा रकाना बाजारात विकत मिळणाऱ्या कुठल्याच साधनात तयार येत नाही, आणि यायचाही नाही. तो बसून भरावा लागतो.

हाकेच्या शेजारी मी 'आठवण' असाही रकाना ठेवलाय. कारण यूपीआय आल्यापासून पैसे फार सोप्या रीतीनं येतात, पण त्याला कुपन नाही. खात्यात पाचशे रुपये पडतात, एक अर्धवट नाव दिसतं, बस्स. देणारा कोण, कुठला, का दिले, त्याच्याकडे सगळं ठीक आहे का, काही कळत नाही. टीप लिहायला जागा असते, तिथं कुणी काही लिहीत नाही. म्हणून क्यूआरच्या पाटीखाली आम्ही एका छोट्या फॉर्मचा दुवा दिलाय. त्यात नाव-पत्ता-पॅन विचारतो, आणि शेवटी एकच प्रश्न, 'गावाची एक आठवण लिहा.' लोक लिहितात. एकानं लिहिलं होतं, 'वाचनालयाच्या पायरीवर बसून रताळं खाताना पहिली कादंबरी वाचली.' ते मी अण्णांच्या सुतळीत ओवायला छापून घेतलं.

पॅनचंही जाता जाता सांगते. आयकरात सूट मिळते अशा देणगीची यादी संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावी लागते, आणि त्यातून निघालेला दाखला देणगीदाराला पाठवावा लागतो. दोन हजारांवर रोख दिलं तर सूट नाही. हे मेलनं नीट होतं. प्रत्येकाला त्याचाच दाखला जाईल एवढी काळजी घ्यायची.

काळजी म्हटलं की मला ती गोष्ट सांगावीच लागते. शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन घ्यायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी. यादी तक्त्यात होती. मुलीचं नाव, बापाचं नाव, उत्पन्न, घरात कोण आजारी, कर्ज किती. निवड समितीतल्या पाच जणांना बघता यावं म्हणून मी तो तक्ता 'दुवा असलेल्या कुणालाही' असा खुला केला. पाच जणांपैकी एकानं चांगल्या मनानं, मुलांना निकाल कळावा म्हणून, तो दुवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. शेकडो माणसांचा ग्रुप. अर्ध्या तासात सगळ्या गावानं एकमेकांचं कर्ज वाचलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील आले. गवंडीकाम करतात. हातात थैली होती, थैलीत आम्ही दिलेली पुस्तकं. टेबलावर ठेवली. म्हणाले, "बाई, पैसे नाहीत हे खरंच हाय. पण ते सगळ्यांनी वाचायचं व्हय?" मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही. मी त्यांच्या घरी तीनदा गेले, माफी मागितली. तिसऱ्यांदा त्यांनी पुस्तकं परत घेतली, मुलीसाठी.

तेव्हापासून तक्ता फक्त नावानं दिलेल्या माणसालाच उघडतो. निवड समितीला नावं दिसत नाहीत, नंबर दिसतात. कर्ज-आजार हे रकाने निवड झाली की पुसले जातात. लागत नाही ती गोष्ट विचारायचीच नाही, असंही ठरवलं आणि अर्जातले सात प्रश्न काढून टाकले. आता वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ चा कायदाच झाला आहे. पण माझ्यासाठी तो कायदा त्या थैलीपासून लागू झाला. एकाच मेलमध्ये दोनशे जणांचे पत्ते उघडे टाकून 'सर्वांना नमस्कार' म्हणणाऱ्या संस्था मी रोज बघते. ते पत्ते लोकांनी विश्वासानं दिलेले असतात. गुप्त प्रतीचा, म्हणजे बीसीसीचा, रकाना त्यासाठीच आहे हो, वापरा.

आणि जिथं मेल पोचत नाही तिथलं काय? कणकुंबी, जांबोटीच्या पलीकडं, भीमगडच्या अभयारण्यातल्या वाड्यांवर पावसाळ्यात रस्ता तुटतो, मग रेंजचं कुठं विचारता. तिथल्या शिक्षकांना पाठवलेल्या निरोपावर चार-चार दिवस एकच टिक राहते. ते बाजाराला खाली उतरले की दोन होतात. त्या मुलांसाठी ऑनलाइन अर्ज ठेवला तर सगळ्यात गरजू मूल पहिल्यांदा गळतं. म्हणून तिथं कागदच. कोरे अर्ज बसच्या कंडक्टरकडे देतो, भरलेले परत येतात, कधी ओले होऊन. मी ते वाळवते आणि स्वतः तक्त्यात भरते. शहरातल्या एका कंपनीच्या लोकांनी मला एकदा सुचवलं की सगळंच ऑनलाइन करा, तुमचा वेळ वाचेल. वाचेल खरा. पण तिथल्या आमगाव वाडीवरच्या पोरीच्या वाट्याचं दप्तर जाईल, तर तो वाचलेला वेळ मी कुठं घालू?

मेलचं बोलायचं तर अलीकडं एक नवा जाच सुरू झाला होता. आमची पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागली. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या मेलसेवांनी नियम कडक केले, पाठवणारा खरोखर त्याच डोमेनचा आहे ह्याची खूण सेटिंगमध्ये नसेल तर पत्र अडतं. एसपीएफ, डीकेआयएम अशी त्या खुणांची नावं. पोस्टाचा शिक्का असतो तसंच समजा. गावातल्याच एका इंजिनिअर मुलीनं रविवारी बसून दोन ओळी भरून दिल्या आणि पत्रं पुन्हा पोचू लागली. त्याच वेळी तिनं पत्राच्या तळाशी 'पत्रं नकोत' असं एक बटण घालायला लावलं. मला ते जड गेलं. पहिल्यांदा एकानं ते दाबलं तेव्हा दिवसभर चुटपुट लागून राहिली. आमच्याच आळीतलं घर. मग विचार केला, अण्णांच्या काळात नको म्हणायची सोयच नव्हती, लोक कार्ड घेऊन गप्प बसायचे. निदान आता कळतं. मी त्यांचं नाव काढलं नाही, फक्त मेलचा रकाना रिकामा केला. गणपतीला ते गावी येतात तेव्हा प्रसाद द्यायला जातेच.

गेल्या जूनमध्ये पत्रं गेली त्याच रात्री एक उत्तर आलं. सुभेदारसाहेबांच्या मेलवरून, पण लिहिणारी त्यांची मुलगी. 'बाबा चैत्रात गेले. तुमचं पत्र दरवर्षी ते मोठ्यानं वाचायला लावायचे, कारण त्यात त्यांना साहेब म्हटलेलं असायचं. आता त्यांच्या जागी माझा पत्ता घाला.' पुण्याचा पिन होता. मी आधी वही काढली. सुभेदारांचं नाव वहीतही होतं, ५६ एपीओपासूनचं. अण्णांच्या दौतीतली शाई कधीच वाळली, मी लाल बॉलपेनानं रेघ ओढली आणि तिला फोन करून तिथी विचारून घातली. तक्त्यात नवी रांग केली. नाव, पिन, मेल. हाकेच्या रकान्यात येऊन थांबले.

"तुम्हाला काय म्हणून लिहू?" मी विचारलं.

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "गावात आजीच्या घरी यायचो तेव्हा सगळे मला बाळाक्का म्हणायचे. आता तसं म्हणणारं कोणी नाही राहिलं." आणि मग, "तसं लिहिलं तर चालेल का हो?"

मी लिहिलं. तिनं पलीकडून विचारलं, वाचनालयाची पायरी अजून तीच आहे का, दगडाची. आहे म्हटलं. मधली एक शिळा पुरात हलली होती, ती पुन्हा बसवून घेतली आहे.